आखाजीचं बोलावणं

दीपनगर

प्रेमराजभाऊ,

अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, माहेरी न्यायला येतो म्हणालास आणि त्याच दमात म्हणालास, "दिपा, जाता जाता एरंडोलला हक्कसोडपत्रावर सही करून टाकू. बठ्ठ्या बहिनी करतस." सगळ्याच बहिणी करतात म्हटल्यावर मीही फोनवर नुसतं 'बरं' म्हटलं. हे पत्रही पाठवणार नाही. पण सकाळपासून दोनदा पिशवी भरली, दोनदा रिकामी केली.

आबांनी मृत्युपत्रात केळीची अर्धी बाग लेक म्हणून मला दिली. मी कधी मागितली नव्हती. सही केली तर त्यांचा शब्द मोडते. नाही केली तर पुढच्या आखाजीला तू येशील का?

आबांनी घर, विहीर, बाग, सगळं लिहून ठेवलं. मला घ्यायला कोणी यायचं, तेवढं लिहायचं राहून गेलं.

तुझीच,
दिपमाला