लाल दिव्याची ओवाळणी

यावल,
शनिवार

प्रिय प्रेमराजभाऊ,

हे पत्र जीवराम तुझ्या हातात देईल. दारातून परत फिरायचं नाही असं त्याला बजावलंय, त्यामुळे तू कितीही तोंड फिरवलंस तरी तो ओट्यावर बसून राहील. निदान चहा तरी दे त्याला. दीड महिना झाला, तू माझा फोन उचलत नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. मी पुण्याहून परवाच आलेय आणि यावलला जीवरामच्याच घरी उतरलेय. त्याची बायको तिसऱ्यांदा जेवायला बोलावून गेली, पण आधी हे पत्र पुरं करायचंय.

आधी घरचं सांगते. मागच्या आठवड्यात धुळ्याला मायकडे जाऊन आले. ती तुझं नाव काढत नाही, पण शेजारची कोणी आली की टीव्हीचा आवाज वाढवते, म्हणजे विचारायला जागा उरत नाही. रात्री माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "पोरी, तू शिकेल शे, तुले कळस. त्यानी गाडी कशी काय चढाई दिधी?" मी झोपल्याचं सोंग घेतलं. ज्योतीवहिनी शिवणकाम घेऊ लागल्याचंही तिच्याकडूनच कळलं.

भाऊबीज आठवते तुला? आठवत असणारच. मी ओवाळलं आणि तू ताटात काही टाकायच्या ऐवजी दोन्ही हात झटकून दाखवलेस. "यंदा ववाळनी तूच दे. तो लाल दिवा बंद करी दे." शाळेच्या त्या इलेक्ट्रिक व्हॅनचा लाल दिवा ऑक्टोबरच्या उन्हात रोज पेटायचा, गाडी मंदावायची, पोरं रडायची आणि पालक शाळेत जाऊन तुझीच तक्रार करायचे. ज्या कंपनीने त्या गाडीतला कंट्रोलचा डबा बनवला तिथे माझी नोकरी, आणि दिवा पेटवणारा प्रोग्रामचा तुकडा तर मीच लिहिलेला. मला केवढी ऐट वाटली. अंगणात खाटेवर लॅपटॉप ठेवून अर्ध्या तासात मी तो दिवा गप्प केला. मग तुझ्या मागोमाग, तुझ्यासारखीच शाळेची व्हॅन चालवणारा जीवराम आला, आमचीही करून दे म्हणत, आणि मी त्याचीही करून दिली. ऑफिसात कुणाला विचारलं नाही. आपल्याच माणसांना काय विचारून द्यायचं, असं वाटलं.

मी काय केलं होतं ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. गाडीत पायाशी एक डबा असतो आणि मोटरजवळ दुसरा. पायाचा डबा सेकंदाला शंभर वेळा दोन बारीक वायरींवरून सांगत असतो, पेडल इतकं दाबलंय, आता इतकं, आता सोडलं. त्याच वायरींवर बाकीचे डबेही बोलतात, म्हणून कधी एखादा निरोप खोळंबतो. जास्त वेळ खोळंबला तर तो फेकून द्यायचा आणि दिवा पेटवायचा, असं मी आधी लिहिलं होतं. शिळा हुकूम पोहोचण्यापेक्षा न पोहोचलेला बरा, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. भाऊबीजेला मी फेकणं बंद केलं. निरोप थांबू देत, वाट मोकळी झाली की जातील, असं करून टाकलं. दिवा पेटायचं कारणच उरलं नाही आणि तू मला शंभरदा शाबासकी दिलीस.

धुळवडीनंतरच्या त्या गुरुवारचं मी तुला काय सांगू. शाळेच्या फाटकापाशी तू गाडी उभी केलीस, शाळेच्या मदतनीस धुरपदाबाई पोरांना उतरवून घ्यायला नेहमीसारख्या पुढून वळसा घालून निघाल्या, आणि गाडीने उडी घेतली. भिंत दोन हातांवर होती. चार दिवसांनी त्या दवाखान्यातच वारल्या. तू पहिल्या दिवसापासून एकच सांगत होतास, "मना पाय पेडलवर नव्हता, खाले व्हता. गाडी आपोआप चालनी." पोलिसांना सांगितलंस, वकिलाला सांगितलंस, धुरपदाबाईंच्या मुलीच्या पाया पडून सांगितलंस.

आणि मग तुझ्या घरी सगळे जमले होते तेव्हा मला विचारलं, कारण घरात इंजिनिअर मी एकटी. मी मोटरच्या डब्यातली नोंद पाहून आले होते. त्या वेळेला पेडल दाबल्याचा निरोप तिथे स्वच्छ दिसत होता. मी सगळ्यांसमोर म्हणाले की गाडी आपोआप चालत नाही, भाऊ, तुझा पाय पडला असणार. तू माझ्याकडे पाहिलंस, चपला घातल्यास आणि बाहेर निघून गेलास. ते बोलताना माझा आवाज किती शांत होता, याची मला आता भीती वाटते.

या बुधवारी जीवरामचा फोन आला. ताई, दुपारच्याला गाडी वीतभर पुढे सरकते, पाय नसताना, असं तो हसत हसत म्हणाला. त्याला वाटलं, चढउतार असेल. मी त्याला गाडीला हात लावू नको म्हटलं आणि निघाले. इथे येऊन सीटखाली हात घातला तर त्या पायाच्या डब्यावर ओलं बारदान. तुम्ही सगळेच ठेवता ते, डबा तापू नये म्हणून. पुण्यात वातानुकूलित खोलीत बसून हे आमच्या कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. बारदानाचं पाणी झिरपून वायरींच्या जोडात उतरतं आणि वायरी मुक्या होतात. पाणी सुकलं किंवा सरकलं की पुन्हा बोलू लागतात आणि मागे अडकलेले निरोप तेव्हा पोहोचतात. मी त्याच दुपारी भर उन्हात, चाकं उचलून ठेवून, तसंच करून पाहिलं. पेडल दाबलं, सोडलं, लांब जाऊन उभी राहिले. गाडीत कोणी नव्हतं. जवळजवळ मिनिटाने चाकं गरगर फिरली आणि थांबली. मोटरचा डबा निरोप पोहोचल्याची वेळ लिहितो, निघाल्याची लिहीत नाही. फाटकाआधीच्या चढावर तू दाबलेलं पेडल त्या दिवशी फाटकात पोहोचलं, भाऊ. तुझा पाय खालीच होता.

जीवरामच्या गाडीतून तो बदल मी काढलाय. तुझी गाडी पोलिसांच्या आवारात सील करून उभी आहे, तिच्यात तो तसाच आहे.

आता ऐक. मी परवाच रात्री साहेबांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, मंगळवारी जळगावच्या ठाण्यात कंपनीचं मत द्यायचं आहे, ते तूच दे, नोंद जे दाखवते तेवढंच सांग. त्यात एक शब्द खोटा नाही. गाडी सकाळच्या गारव्यात तपासतील, ती नीट चालेल. पुनम, तुझं नाव कुठे येणार नाही, नोकरी राहील, नाहीतर परवानगीशिवाय प्रोग्राम बदलून माणूस मारल्याचा गुन्हा तुझ्यावर लागेल. काल त्यांनी कागद तयार करून पाठवलाही. खाली माझं नाव छापलंय, फक्त सही करायची. मी तो सहा वेळा वाचला. सहाव्यांदा वाचताना मला तो पटू लागला होता.

तुझं घर इथून तासाभरावर आहे, तरी मी येत नाही. आले तर तू मला पाहशील, उठून पाणी देशील आणि म्हणशील, जाऊ दे पोरी, मी भोगतो, तुझं अजून लग्न व्हायचंय. तू म्हणशीलच. आणि मी रडेन, नाही नाही म्हणेन, आणि शेवटी ऐकेन. लहानपणापासून माझ्या वाटचा मार तूच खाल्लास आणि मी तो खाऊ दिला. मंगळवारी मी खरं सांगायचं ठरवलंय, पण माझा मलाच भरवसा नाही. म्हणून हे सगळं माझ्या अक्षरात, खाली सही करून तुझ्याकडे देतेय. मी त्या दुसऱ्या कागदावर सही केली, तर हे पत्र वकिलाच्या हातात दे. माझ्यावर दया आली तरी दे. माय आडवी आली तरी दे.

तुझीच,
पुनम