मांडीवरची टिचकी

४ मार्च

विरोधी उमेदवार मास्तरांवरचा पुलाचा विनोद साफ आपटला! ‘मास्तरांनी पूल बांधला नाही, पण उद्घाटनाच्या कात्रीला धार मात्र लावून ठेवलीय’ — इतकं झकास वाक्य, आणि लोक ढिम्म. आमचे उमेदवार साहेब येईपर्यंत सभा तापवायची हे माझं काम. तापली नाही, तर नकलाकार हवाय कुणाला?

सभाप्रमुख म्हणाला, “मास्तर बोलताना अडखळतात ना? ते कर की! निवडणुकीला उभं राहायचं, तर हसू पण सोसायचं.”

मी हो म्हणालो नाही. नाहीसुद्धा म्हणालो नाही.

५ मार्च

ही भडकली. “त्यांच्या कामाची हवी तेवढी खिल्ली उडवा. जिभेची कशाला?” म्हटलं, आवाज, चाल, चेहरा सगळंच सोडलं तर नकलाकाराने काय हवामान सांगायचं?

“दादांसमोर कराल?”

ताटावरून उठलो.

दादा चष्म्याच्या दुकानात असतो. गिऱ्हाइकाशी बोलताना शब्द अडकतो त्याचा. हिच्याशीही अडकतो. माझ्याशी मात्र कधीच नाही, अगदी लहानपणापासून. का, ते त्यालाही ठाऊक नाही. शाळेत त्याच्या वतीने मीच बोलायचो.

७ मार्च

केलं! “पू... पू... पूल!” अख्खं मैदान फुटलं! बंदोबस्ताचे पोलीससुद्धा तोंड फिरवून हसत होते. साहेबांनी पाठ थोपटली. अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू!

८ मार्च

दादा सभेला आला होता! मागे, खांबापाशी उभा. आज दुकानात गेलो तर मान खाली घालून भिंगं पुसत राहिला.

म्हटलं, “दादा, ते मास्तरांचं होतं रे. तुझं नव्हे.”

“मास्तर मांडीवर टिचकी मारत नाहीत,” तो म्हणाला.

शब्द अडला की दादा टिचकी मारतो, काउंटरखाली, कुणाला दिसू नये अशी. मग शब्द सुटतो. ती मी भर मंचावर मारली. ठरवून नव्हे — हात आपोआप गेला. मास्तरांना मी नीट पाहिलंही नव्हतं कधी. घरातलाच माणूस उचलला आणि उभा केला चारचौघांत. लाज वाटते. फार वाटते.

९ मार्च

सभाप्रमुखाला सांगितलं, आता करणार नाही. तो हसला. “नको करूस. व्हिडिओ आहे ना!”

मोठ्या पडद्याची प्रचारगाडी सकाळपासून गावभर फिरतेय. पडद्यावर मीच, दाराएवढी मोठी माझी ती टिचकी. गाडीपुढे आडवा झालो. ड्रायव्हर म्हणतो, “मला काय सांगता? वर बोला.” बोललो. साहेब बैठकीत आहेत म्हणे!

चौकात दोघेजण एकमेकांना मांडीवर टिचक्या मारून दाखवत होते. गाडी दादाच्या दुकानाकडे वळली. मी मागे पळालो, पण दुकानात शिरायचा धीर झाला नाही.

१० मार्च

दादाला तीनदा फोन केला. उचलत नाही.

११ मार्च

दादाचा फोन आला. उचलला, तर पलीकडून माझं नाव येईना, पहिलंच अक्षर अडत होतं. मी थांबलो. मग टिचकी ऐकू आली. मग आणखी एक.