नमुना नऊची शुद्ध प्रत

४ मार्च, मंगळवार. सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. काम नसलेल्या माणसाकडे वेळ असतो असे लोक धरून चालतात. मला काम नाही आणि वेळही नाही.
छापखाना बंद होऊन पाच महिने झाले. एकोणीस वर्षे मी तिथे मुद्रितशोधक होतो. सरकारी फॉर्मच्या छपाईतल्या चुका काढायच्या, हे काम. आता फॉर्म ऑनलाइन निघतात आणि चुकांसकट निघतात. सरकारच्या हे लवकरच लक्षात येईल. मग मला बोलावणे येईल. तोवर थांबायचे.
काल ही पुन्हा म्हणाली, पुरवणी अन्नसहाय्याचा अर्ज करू या. (ही म्हणजे बायको. रोजनिशी मी एकटाच वाचणार आहे, तरी संदर्भ स्पष्ट असावा.) महिन्याच्या महिन्याला कार्डावर रक्कम येते, तेवढ्याचा किराणा घेता येतो. मी म्हणालो, बघू. ही म्हणाली, बघू म्हणजे कधी? मी म्हणालो, बघू म्हणजे बघू. विषय तिथेच संपवला.
ही कपडे दुरुस्तीच्या दुकानात अर्धा दिवस काम करते. अर्धा दिवस उभे राहिल्यावर माणूस असे काहीतरी बोलतो.

५ मार्च, बुधवार
अर्ज करायचे ठरवले. गरज म्हणून नव्हे. नमुना नऊ हा फॉर्म मी अकरा वेळा तपासला आहे, पण भरला कधीच नाही. अनुभव म्हणून भरावा.
रात्री बटाटे. एक अंडे होते. मुलीला दिले. मला अंडे तसे आवडत नाही.
आवडते. पण ते इथे लिहिण्याची गरज नव्हती.

६ मार्च, गुरुवार. दुपार
पात्रतेची पुस्तिका वाचली. माणसे तीन. उत्पन्नाची मर्यादा काढली. आम्ही खाली निघालो. बेरीज चुकली असेल म्हणून पुन्हा केली. पुन्हा खाली. मग सरकारकडून बोलावणे आल्यावर मला जे मानधन मिळेल तेही धरले. तेव्हा कुठे आम्ही अपात्र ठरलो. फार बरे वाटले.
जेवताना लक्षात आले की अपात्र होऊन चालणार नाही. मानधन खोडले.

१० मार्च, सोमवार
फॉर्म आणला. आठ पाने. पहिल्याच पानावर चौदा चुका. माझ्या हातून हे पान असे गेले नसते. लाल शाईने सगळ्या दुरुस्त केल्या, समासात खुणा केल्या, शेवटी एका पानाचे टिपण जोडले.
'कुटुंबप्रमुखाचे नाव' या रकान्यात नाव लिहिण्याआधी रद्दी कागदावर चार वेळा लिहून पाहिले. चौथे सुबक आले. व्यवसाय: मुद्रितशोधक, तूर्त स्वतंत्र.
हिने विचारले, झाला का भरून? मी म्हणालो, फॉर्म भरून होत नसतो, तयार होत असतो. ही म्हणाली, घरातलं पीठही संपत असतं.
टोमणा असावा. दुर्लक्ष केले.

१३ मार्च, गुरुवार
सहाय्य कार्यालय. टोकन एकसष्ट. इस्त्रीचा शर्ट घातला होता. रांगेत तसा मी एकटाच. माझी ओळख वेगळी राहावी हा हेतू साधला.
काउंटरवरच्या बाईंनी चष्मा कपाळावर ढकलून फॉर्म पाहिला. विचारले, हे कुणी केलं? मी म्हणालो, मी. त्या म्हणाल्या, काका, हा गृहपाठ नाही. नवा घ्या, निळ्या शाईत भरा, जेवढं विचारलंय तेवढंच लिहा.
काका! मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. त्या पंचेचाळीसच्या तरी असतील.
माझे टिपण वरती पाठवावे अशी विनंती केली. त्या म्हणाल्या, वरती कँटीन आहे.

१४ मार्च, शुक्रवार
हिने सकाळी माझे ओळखपत्र तासाभरासाठी मागितले. कशाला, ते मी विचारले नाही. नवऱ्याने संशयी नसावे. परत आणून दिले तेव्हा म्हणाली, तुमचं चालू द्या. प्रोत्साहन दिले, बरे वाटले.

१८ मार्च, मंगळवार
दुसऱ्या फॉर्मवर काम चालू. 'अर्जदाराचे सध्याचे उत्पन्न' या रकान्यापाशी तीन दिवस गेले. शून्य हा आकडा दिसायला ठीक नाही. 'निश्चित नाही' असे लिहिले. ते अचूक आहे.
नोकरी सुटल्याचे पत्र जोडायचे आहे. पत्र नाही. म्हणजे मिळाले होते, पण त्यात माझ्या आडनावातला एक काना गाळला होता. मी ते दुरुस्तीसाठी परत पाठवले. ते पोचले त्याच दिवशी छापखान्याला कुलूप लागले.
आज तेच केले असते का, असे स्वतःला विचारले. केले असते.

२२ मार्च, शनिवार
हिचा भाऊ आला होता. बस चालवतो. टेबलावरचे कागद पाहून म्हणाला, भाऊजी, अर्ज लिहिताय की ग्रंथ? मी त्याला समजावले की घाईत भरलेले शंभरातले तीस अर्ज परत येतात. तो म्हणाला, म्हणजे सत्तर जण जेवतात की.
बस चालवणाऱ्यांना वेग प्यारा असतो.
तो आणि ही दारात बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. मी बाहेर गेल्यावर हवेबद्दल बोलू लागले.

२७ मार्च, गुरुवार
रात्री अंडी. माणशी एक! शिवाय दूध, फळे, तेलाची नवी बाटली.
याचे कारण मला ठाऊक आहे. महिन्याच्या सुरुवातीला मी 'काटकसरीचे सात मुद्दे' लिहून फ्रिजच्या दारावर लावले होते. मुलीने सांगितले, आई आता किराणा लांबच्या दुकानातून आणते, दर गुरुवारी. चौथा मुद्दा नेमका हाच होता: दुकानांची तुलना करावी. मी हिचे कौतुक केले. म्हणालो, बघ, नियोजनाने काय होतं. हिने भांडे माझ्याकडे सरकवले. मग म्हणाली, अजून एक घ्या.
घेतले.

२ एप्रिल, बुधवार
छापखान्याच्या मालकांना शोधून काढले. भावाच्या चपलांच्या दुकानात बसतात. पत्र मागितले तर म्हणाले, तुला तेव्हाच दिलं होतं ना रे? मी काना सांगितला. त्यांनी कपाळाला हात लावला. मग दुकानाच्या पावतीपुस्तकामागे लिहून दिले की हा गृहस्थ माझ्याकडे होता आणि आता नाही. काना नीट आहे. बाकी तीन चुका आहेत. तशाच राहू दिल्या. मी लवचीक होत चाललो आहे.

८ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळ
सगळे क्रमाने लिहितो.
फॉर्म दिला. निळी शाई, जोडपत्रे पाच. बाईंनी पत्ता टाइप केला आणि थांबल्या. म्हणाल्या, या पत्त्यावर अर्ज आधीच मंजूर आहे. तीन माणसांचं कुटुंब. कार्डही गेलंय.
मी म्हणालो, अशक्य. कुणाच्या नावाने? त्या म्हणाल्या, ते कुटुंबप्रमुखालाच सांगता येतं. मी म्हणालो, तो मीच. त्यांनी स्क्रीनकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. काका, घरी विचारा. मी म्हणालो, घरी बायकोशिवाय विचारण्यासारखे कुणी नाही. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, मग त्यांनाच विचारा.
पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा बोगस अर्ज. कुणीतरी परका माणूस आमच्या पत्त्यावर, आमच्या तोंडचा घास खात आहे. आणि इकडे माझी मुलगी बटाटे खाते! (खात होती. मार्चमध्ये.)
तिथल्या तिथे लेखी तक्रार दिली. सव्वातीन पाने. बाई म्हणाल्या, काका, नका करू, आधी घरी जा. सरकारी माणसाला चौकशी नकोच असते.
हिला सांगितले नाही. उगाच काळजी करेल.

१० एप्रिल, गुरुवार
ही आजही भरल्या पिशव्या घेऊन आली. दोन अंडी खाल्ली. चौकशीच्या दिवसांत ताकद लागते.
चोराचा विचार करतो. त्याने एकाच खेपेत अर्ज मंजूर करून घेतला. फॉर्मची जाण असलेला माणूस आहे. छापखान्यातलाच कुणी?

१७ एप्रिल, गुरुवार
ही रिकाम्या हातांनी आली. मुलगी मागे. मुलीने बूट काढले नाहीत, तशीच आत गेली.
लांबच्या दुकानात सगळे सामान काउंटरवर मांडून झाल्यावर कार्ड चालले नाही. पुन्हा घासले. मागे रांग. एकेक वस्तू परत ठेवावी लागली. दूध मुलीने ठेवले.
वाटेत ही कार्यालयात जाऊन आली. नोटीस माझ्यासमोर ठेवली. 'तक्रारीवरून सहाय्य स्थगित.' तक्रारदार म्हणून माझे नाव. काना बरोबर होता.
ही ओरडली नाही. ओरडली असती तर मला काही उत्तर देता आले असते. म्हणाली, तुम्हाला विचारलं होतं. बघू म्हणालात. म्हणून मी बघितलं. चौदा मार्चला, जेवणाच्या सुट्टीत, इस्त्रीच्या टेबलावर. वीस मिनिटं लागली.
मी म्हणालो, मला सांगायचेस.
ही म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही तपासायला घेतला असता.
आतून मुलीने विचारले, उद्यापासून परत बटाटे का? ही म्हणाली, थोडे दिवस. मला भूक नाही असे सांगितले. कुणी आग्रह केला नाही.
सात मुद्दे फ्रिजवरून काढले. खाली चिकटपट्टीचे चार डाग राहिले.

१८ एप्रिल, शुक्रवार
कार्यालय उघडायच्या आधी दारात उभा होतो. टोकन एक. कालचाच शर्ट.
बाईंनी मला पाहिले. तक्रार मागे घेण्याचा कागद पुढे केला. म्हणाल्या, अर्जात जे लिहिलंय ते खरं आहे, एवढी तुमची सही लागेल. मग सोमवारी कार्ड सुरू होईल. मी विचारले, त्याआधी नाही का होणार? त्या म्हणाल्या, काका, सोमवारी नक्की होईल. आज त्यांचा 'काका' मला लागला नाही.
हिचा अर्ज त्यांनी समोर ठेवला. आठ पाने, निळी शाई, हिचे बारीक अक्षर. दुसऱ्या पानावर इस्त्रीने कोपरा किंचित पिवळा झालेला.
कुटुंबप्रमुखाचे नाव: हिचे.
अवलंबित व्यक्ती: १. मुलगी. २. पती.
पतीचा व्यवसाय: सध्या घरी.
पतीचे उत्पन्न: शून्य.
खिशातून पेन्सिल काढली. पहिल्या ओळीपासून वाचत गेलो. मग छापखान्यात नावे आणि आकडे तपासायचो तसे शेवटापासून उलटे वाचले. मागे रांग वाढत होती. बाईंनी विचारले, काका, काही चुकलंय का?
पेन्सिल खिशात ठेवली. नाही म्हणालो.
त्यांचे निळे पेन मागून घेतले आणि दोन नंबरपुढे सही केली.