बांगडीच्या मापाचा माउस

अहमदनगर,
२१ नोव्हेंबर १९९९

प्रिय जरीना,

तुझ्या अरफाच्या हाती या पत्राबरोबर एक खोकं पाठवते आहे. आधी पत्र वाच, मग ते उघड. आत संगणकाचा माउस आहे, बिनवायरचा. घोडेगावला तुझ्या घरी संगणक नाही, हे मला माहीत आहे. माझ्या घरी दोन आहेत. छापखाना सोडून मी आता पुढच्या खोलीत पुस्तकांची, पत्रिकांची पानं लावून देते. दुसऱ्या टेबलाशी मात्र अजून कुणी बसत नाही. तिथं तू बसावंस, एवढंच माझं मागणं आहे. पण पत्र पुरतं वाचल्याशिवाय हो म्हणू नकोस. वाचून नाही म्हणालीस, तर मला नवल वाटणार नाही.

मागच्या महिन्यात अरफा कॉलेजच्या मासिकाचा मजकूर घेऊन आली. मी तिला ओळखलंच नाही. सहा वर्षांत केवढी झाली गं! पण कागदांच्या समासात पेन्सिलीच्या खुणा दिसल्या, 'काढून टाका'ची ती शेपटीवाली खूणसुद्धा, आणि हात कुणाचा ते न विचारता कळलं. अरफा म्हणाली, "मावशी, अम्मीपुढं काही नेऊ नये. किराण्याची पुडी आली तरी साखर राहू दे म्हणते, आधी कागदावरच्या चुका काढते." मी पोट धरून हसले. मग आत जाऊन तोंड धुऊन आले.

आपण दोघी छापखान्यात शेजारीशेजारी शिशाचे खिळे जुळवायला लागलो, ते दिवस आठवतात? सगळ्यांची खिळे रचायची स्टिक डाव्या हातात, खिळे उचलायला उजवा. तुझं सगळं उलट. पहिला आठवडाभर आपली कोपरं एकमेकींना लागत होती. मी चिडून म्हणायची, "सरक ना गं, डावरे!" आणि तू मान वर न करता, "मीच का? उजवे लई झालेत जगात, तू सरक." शेवटी तू माझ्या डाव्या अंगाला उभी राहिलीस आणि धक्के थांबले. सोळा वर्षं आपण तशाच उभ्या राहिलो. संगणक आल्यावर काय फजिती झाली, ते तुला सांगायचं राहिलंच. खिळे उलटे धरून वाचायची डोळ्यांना सवय, म्हणून मी माउसही उलटा धरला, शेपटी मनगटाकडे. बाण वर न्यायला जावं तर तो खाली पळायचा. दोन दिवस मी यंत्रालाच दोष देत होते. तू असतीस तर पहिल्या तासातच हसून हसून खाली बसली असतीस.

आता माउसची गोष्ट. इथं योगेश म्हणून एक दुकानदार आहे, त्यानं माझ्यासाठी मुंबईहून बिनवायरचे तीन मागवले. माझा पंजा मोठा. मला सोयीचा तो तुला होणार नाही. कासाराकडे आपण एकत्र हात भरायचो, म्हणून तुझं माप पाठ आहे: दोन-चार. अरफाला विचारलं, तर अम्मीच्या बांगड्या तिला नेमक्या बसतात म्हणाली. मग तिलाच दुकानात नेलं आणि डाव्या हातानं एकेक धरायला लावला. योगेश म्हणाला, "काकू, माउस घ्यायला आलात की चुडा भरायला?" एकाला अंगठ्यासाठी खोलगट जागा होती, पण ती उजव्या हाताच्याच बाजूला. दुसरा इतका बुटका, की अरफाची बोटं लगेच अवघडली. तिसरा साधा, दोन्हीकडून सारखा, पाठ जराशी फुगीर. अरफाचा हात त्यावर अलगद विसावला. पोटात दोन सेल घातले की चालतो. टेबलावर डावीकडे ठेव, नाहीतर मांडीवर पाटी घेऊन तिच्यावर.

तरी माझं समाधान होईना. उजवा हात पदरात गुंडाळून मी स्वतः डाव्या हातानं काम करून पाहिलं. योगेश घाबरला, "काकू, हाताला लागलंय का?" आधी बाण कुठल्या कुठे जात होता. मग जमायला लागलं. घड्याळ पाहिलं, तर पंधरा मिनिटं झाली होती. जरीना, पंधरा मिनिटं. मी तर डावरीही नाही.

त्र्याण्णवच्या एप्रिलमध्ये छापखान्याच्या शेठने मला आत बोलावून विचारलं होतं, "माधुरीबाई, संगणक तर आला, पण पुण्याला तो शिकायला एकीलाच पाठवता येईल. पुढं काम पण तेवढ्या एकीलाच राहील. जरीनाचा हात चलाख, तिलाच धाडावं म्हणतो. पण ती डावरी. जमंल का हो तिला?" मी म्हणाले, "नाही जमायचं, शेठ. माउसची वायर उजवीकडेच पुरते." आदल्या दिवशी त्या नव्या संगणकाचं टेबल पुसताना मी माउस डावीकडे ठेवून पाहिला होता. वायर पुरत होती. घरात कमावणारी मी एकटी होते, पण ते कारण पुढे करत नाही. तुझ्या घरी तरी वेगळं काय होतं? त्याच संध्याकाळी शेठचा निरोप ऐकून तू डबा घेऊन कायमची बाहेर पडलीस आणि फाटकाशी म्हणालीस, "आमचं नावच आडवं आलं, माधे. दिवसच तसे हायेत." ज्या वस्तीत मी वाढले, तिथंही आडनाव ऐकून कामं जायची; असल्या वाक्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तो मला पुरता कळला, आणि मी गप्प बसले. तुझ्या मनात ते तसंच राहणं मला सोयीचं होतं.

आणखीही गप्प राहिले असते. पण दुकानातून परतताना अरफा म्हणाली, तिला हे काम शिकायचंय, नगरात नोकरी करायचीय, आणि तू नको म्हणतेस. "अम्मी म्हणते, तिथं आपल्या नावाला टिकू देत नाहीत. माझंच बघ." तेव्हापासून हे पत्र मनात लिहिते आहे. अरफाला मी काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही, हे तुझ्या हाती. माझ्याकडे तू येऊ नकोस हवं तर, माउस परत पाठव, पण पोरीला अडवताना तुझा दाखला देऊ नकोस. जगात तसं घडत नाही, असं मी म्हणत नाही. तुझ्याइतकंच मलाही ते ठाऊक आहे. पण तुझं काम शेठने काढून घेतलं नाही, आणि नावामुळेही गेलं नाही. ते मी घालवलं.

'तुझीच' लिहू की नको, हे तूच कळव,
माधुरी