पीअर्स व्हेलीचा राजीनामा

९ जानेवारी १९२२, डब्लिन

"यांत्रिक काम"!

पुस्तकाच्या प्रस्तावनेचा मसुदा आज आला. त्यातलं वाक्य इथे उतरवून ठेवते, म्हणजे माझा राग कमी झाला तर पुन्हा वाचता येईल — "जुन्या कागदांच्या नकला करण्याच्या यांत्रिक कामात एका बाईंचं साहाय्य झालं."

एका बाईंचं. नऊ वर्षं मी फोर कोर्टाच्या, त्या मोठ्या न्यायालयाच्या इमारतीतल्या, दफ्तरखान्यात बसले. शाई नेऊ देत नाहीत, म्हणून पेन्सिलीने एकोणीस वह्या भरल्या. हिवाळ्यात बोटं वळत नसत. कोणता सार्जंट कधी नेमला, कधी काढला, कुणाविरुद्ध उभा राहिला — सगळं मी शोधलं. आणि मुखपृष्ठावर? "आयर्लंडमधील राजाच्या सार्जंटांचा इतिहास. लेखक: जर्वेज हॅसेट, के.सी." बस्स.

परवा इंग्लंडशी केलेला करार मंजूर झाला. राजाच चालला, तर त्याचे सार्जंट कुठले! साडेसहाशे वर्षांचं पद विझलं. म्हणून पुस्तकाची घाई. आणि म्हणून मी "एक बाई".

११ जानेवारी

मिसेस टूल फरशी पुसता पुसता म्हणाली, "बाई, तुम्ही सार्जंटांवर पुस्तक लिहिता म्हणे? या दिवसांत? दारावर तरी लिहू नका हो, कुणी गोळी घालेल!"

तिला सांगितलं — पोलिसातले नव्हेत, लष्करातलेही नव्हेत. हे सार्जंट म्हणजे राजाचे बडे वकील.

"मग तर दोन गोळ्या घालतील," म्हणाली आणि बादली उचलून गेली.

आज पहिल्यांदा हसले.

२० जानेवारी

हॅसेटसाहेबांकडे जाऊन आले. म्हटलं, माझं नाव का नाही?

"मिस टिझ्डल, तुमच्याच भल्यासाठी. उद्या कुणी चुका काढल्या तर बोलणी मला बसोत. तुम्हाला कशाला?"

भल्यासाठी! आणि पुढे — "हो, तुमच्या वह्या मी दफ्तरखान्यात जमा करून टाकल्या. सध्या रोज कुणाचं तरी घर जळतंय. ती इमारत नाही जळायची."

माझ्या वह्या! तपासायला म्हणून दिल्या होत्या. पावती दाखवली. पावतीवर नाव त्यांचं.

पावती ठेवायला त्यांनी खण उघडला तेव्हा आत मखमलीवर ती दिसली — काळी टिकली, खाली पांढऱ्या कापडाची कड. सार्जंट झाला की केसांच्या टोपावर मध्यभागी शिवतात ती. हे कधीच सार्जंट झाले नाहीत. पण टिकली आधीच आणून ठेवली होती! मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. खण हळूच लोटला.

क्षणभर जीव कळवळला. ट्राममध्ये बसेपर्यंत पुन्हा भडकले.

३ फेब्रुवारी

प्रूफं आली. आम्ही नेहमी तपासतो तसं — माझी बहीण बेसी मोठ्याने वाचते, मी खुणा करते.

पान २१२. बेसी वाचता वाचता थांबली. "अगं ऑनर, हे उलटं नाही का झालं? फाशी ल्यूकने दिली ना? तू रडली होतीस ती पीअर्ससाठी."

उलटंच झालं आहे. व्हेली दोन. चुलतभाऊ, दोघेही सार्जंट. १७४१, उपासमारीचं साल. क्लेअर परगण्यात ओना नावाच्या बाईने गोदामातून ओटचं एक पोतं उचललं. खटला चालवायचा हुकूम पीअर्सला आला. त्याने लिहून दिलं — "एका पोत्यासाठी मी या बाईची मान मागणार नाही. महाराजांनी दुसरा वकील पाहावा." आणि पद सोडलं. ल्यूकने तो खटला घेतला. ओना फासावर गेली. ल्यूकला वरचं पद मिळालं. पीअर्स कर्जतुरुंगात मेला, पोरं कुठे गेली कुणाला ठाऊक नाही.

त्या राजीनाम्यात "मान" हा शब्द दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला आहे. आधी काहीतरी सौम्य लिहायचा विचार असावा. ते पाहून मी दफ्तरखान्यात सगळ्यांसमोर रडले होते. कारकुनाने पाणी आणून दिलं. एकशेऐंशी वर्षांत तो गठ्ठा माझ्याआधी कुणी सोडलाच नव्हता.

हॅसेटसाहेबांनी माझी टाचणं स्वतः जुळवली. टाचण्या काढल्या आणि चुकीच्या कागदाला लावल्या. एवढंच. पीअर्सचा राजीनामा ल्यूकच्या नावावर, ल्यूकची फाशी पीअर्सच्या नावावर.

पेन्सिल उचलली. मग ते वाक्य आठवलं. यांत्रिक काम! यंत्राला काय कळतं कोण ल्यूक आणि कोण पीअर्स?

"राहू दे तसंच," मी म्हटलं.

"ऑनर!"

"बोलणी त्यांना बसायची आहेत ना? बसू देत. पुस्तक येऊ दे. मग मी वर्तमानपत्रात पत्र लिहीन, गठ्ठ्याच्या क्रमांकासकट. खाली माझं नाव. संपूर्ण."

"आणि पीअर्स?"

"एकशेऐंशी वर्षं थांबलाय. आणखी चार महिने थांबेल."

बेसीने पुढचं पान वाचायला घेतलं. माझ्याकडे न बघता.

४ फेब्रुवारी

प्रूफं परत पाठवली. पान २१२ वर एकही खूण नाही.

१४ एप्रिल, गुड फ्रायडे

रात्री कराराविरुद्धची माणसं फोर कोर्टात घुसली. खिडक्यांत पोती रचताहेत, म्हणे. पोत्यांत काय, विचारलं. शेजारचे मिस्टर डेव्हिट म्हणाले, "जे हाताला लागेल ते. कायद्याची पुस्तकं गोळ्या छान अडवतात!" आणि स्वतःच खो खो हसले. त्यांच्या तोंडावर दार लावलं.

१९ एप्रिल

राजीनाम्याची शिक्क्याची नक्कल हवी. पत्रासोबत लागेल. गेले. फाटकात पन्नाशीचा एक मिशाळ माणूस, खांद्यावर बंदूक, हातात ब्रेड.

"बंद आहे बाई."

"मला एकच कागद हवाय. १७४१ चा."

"कुणाचा?"

"राजाच्या वकिलाचा."

"मग राजाकडे मागा की!" मग जरा वरमला. "अहो, कागदाला पाय फुटतात का? आमचं आटोपलं की या."

९ मे

पुस्तक आलं. कातडी बांधणी. वर्तमानपत्रात स्तुती — "ल्यूक व्हेलीसारखा सदसद्विवेक आज कोणत्या वकिलात उरला आहे? त्याच्या भावाचं नाव मात्र विसरलेलंच बरं."

वाचून टाळ्या वाजवल्या. सापडला, सापडला हॅसेट! दफ्तरखाना उघडला की पत्र.

बेसी स्वयंपाकघरातून म्हणाली, "ज्याला शिव्या बसल्या तो हॅसेट नव्हे, ऑनर."

दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

२८ जून

पहाटे तोफा. आपल्याच सरकारच्या, आपल्याच कोर्टावर.

३० जून

दुपारी साडेबारा. खिडक्या थरथरल्या, कपाटातल्या बश्या खाली आल्या. मग नदीच्या बाजूला, फोर कोर्टावर, धुराचा काळा खांब, वर पसरत गेलेला.

थोड्या वेळाने कागद पडायला लागले.

आधी वाटलं पक्षी. वाळत घातलेल्या चादरींवर, बटाट्याच्या वाफ्यात, मिस्टर डेव्हिटांच्या डोक्यावर. कडा जळलेल्या. हात लावला की भुगा. एकावर अर्धी मोहोर, एकावर कुणाचं तरी मृत्युपत्र, "माझ्या लाडक्या" — पुढे नाही. मिसेस टूल अंगणात गुडघ्यांवर बसून ओच्यात गोळा करत होती. तिला वाचता येत नाही. "कुणाचं तरी असेल हो," म्हणत होती.

मीही धावत सुटले. गल्लीभर. प्रत्येक तुकडा उलटून पाहिला. अंधार पडेपर्यंत.

शेवटी बेसीने मला धरून आत आणलं. हात धुवायला पाणी ओतलं. काळं पाणी. "ऑनर," एवढंच म्हणाली. तिने बोलायला हवं होतं. "मी सांगितलं होतं" असं म्हणायला हवं होतं.

गठ्ठाही गेला. एकोणीस वह्याही गेल्या, आतल्या टाचणांसकट. आता जगात पीअर्स व्हेलीबद्दल एकच कागद आहे — पान २१२.

८ जुलै

हॅसेटसाहेबांना सगळं सांगितलं. टाचणी, बेसी, माझा राग — काही लपवलं नाही. ते म्हणाले, "फेब्रुवारीत एक ओळ लिहिली असतीत, तर त्याच दिवशी बदललं असतं." म्हटलं, आता बदला. "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण पुराव्याशिवाय बदलता येणार नाही, मिस टिझ्डल." दारापर्यंत सोडायला आले. डोळे ओले होते. म्हणाले, "वह्या माझ्यामुळे गेल्या, त्याची भरपाई व्हायची नाही. दुसरी आवृत्ती आहे तशीच छापायला गेली आहे, फक्त मुखपृष्ठावर माझ्या नावाशेजारी तुमचं नाव घातलंय."