दाखल्यावरची तारीख

४ मार्च
उतरलो युद्धात! ‘आपण उतरलो’ लिहिणार होतो, पण हात अडखळला. सतरा वर्षं शुगर लँडमध्ये काढली, दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड मिळालं, तरी हे ‘आपण’ अंगवळणी पडत नाही. ऑफिसात समोर पाइपलाइनचे नकाशे उघडून सगळे बातम्याच बघत होते. घरी आलो तर उल्काने चप्पल काढायच्या आत विचारलं, अक्षतला फोन केलास का? पोरगा ऑस्टिनला कॉलेजात. केला. त्याला माझ्याआधी कळलं होतं.

११ मार्च
नागपूरहून नानांचा फोन, रोजचाच. पंच्याऐंशीव्या वर्षी माझ्या वडिलांना पॅसिफिकमधली सगळी बेटं पाठ! आरमार कुठून न्यायला हवं ते मला समजावून सांगतात, जणू मीच नेणार आहे. पहिलं बेट घेतलं म्हणे.

२९ मार्च
घेतलेलं बेट सोडलं. दोन जहाजं बुडाली. वीट आलाय बातम्यांचा, पण टीव्ही बंद करवत नाही.

१७ एप्रिल
सक्तीची भरती होणार. यंदा वीस पूर्ण करणारी मुलं आधी. जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढणार — जिची चिठ्ठी आधी, त्या तारखेची मुलं आधी. ग्रीन कार्डवाल्यांनाही लागू. व्हिसावर असतो तर सुटलो असतो. आणि आम्ही त्या कार्डाचे पेढे वाटले होते! अक्षत सप्टेंबरात वीसचा होतोय.

२ मे
झोप नाही. एकच विचार डोक्यात. अक्षत जन्मला बावीस सप्टेंबरला, दुपारी तीनला. सर्वपित्री अमावस्या! नानांनी कपाळाला हात लावला. ओळखीचा माणूस गाठून त्यांनी दाखल्यावर दुसऱ्या दिवशीची, घटस्थापनेची तारीख घालून आणली. मी तोंडातून ब्र काढला नाही. पुढे पासपोर्ट, व्हिसा, कार्ड — सगळीकडे तेवीस.
घरात मात्र उल्का बावीसलाच औक्षण करते. केक तेवीसला. समोरच्या घरातला मेसनही त्याच वर्षीचा, बावीस सप्टेंबरचाच. लहानपणी दोघं शेजारी शेजारी पाटावर बसायचे. कुंकवाची हौस मेसनलाच जास्त.

१४ मे
चिठ्ठ्या निघाल्या. बावीस सप्टेंबर — सहावी. तेवीस सप्टेंबर — तीनशे चौथी.
बाथरूमचं दार लावून रडलो. सुटलं पोरगं! मग नानांना फोन. ते शांतपणे म्हणाले, “अमावस्या टाळली होती ना मी.” जन्मभर त्यांच्या या खुळांवर वाद घातला. आज समोर असते तर पाया पडलो असतो.
पडदा सरकवला तर मेसनची आई अंगणात, कचऱ्याचा डबा धरून उभी. डबा काही पुढे नेईना. मी पडदा सोडला. लाज वाटली. पण आनंद लाजेपेक्षा मोठा होता. इथे तरी खोटं लिहायला नको.

३१ मे
मेसन उद्या जाणार. अक्षत सुट्टीला आलाय. दोघं तासभर समोरच्या पायरीवर बसले होते. काय बोलले ते विचारलं नाही. अक्षत आल्या आल्या खोलीत गेला, जेवला नाही. उल्काने दोनदा वरणभात गरम केला. शेवटी तो मीच खाल्ला.

६ जून
दुसऱ्या बेटावर उतरले म्हणतात. अजून नक्की काही नाही. नानांचा फोन घेतला नाही.

९ जून
अक्षत सैन्यात नाव घालून आला. स्वतःहून. सही झालेली आहे, आता काही करता येत नाही. मी विचारलं, तुझा नंबर तीनशे चौथा होता ना?
“बाबा, आय वॉज बॉर्न ऑन द ट्वेंटी-सेकंड.”
बावीसला पाटावर आम्हीच तर बसवत आलो त्याला.