ग्रिपचं वजन

आबा, मी कॅमेऱ्याला बॅटरी ग्रिप बसवली. तुमच्या वेळी आपल्याकडं ही नव्हती. कॅमेऱ्याच्या बुडाला लावायचा जाड ठोकळा असतो, त्यात दोन बॅटऱ्या बसतात आणि उभ्या फोटोसाठी वेगळं बटण असतं. बायको म्हणाली, "आधीच मान दुखतीया म्हणतासा, आन् हे वझं कशाला घेतलासा?" मी म्हटलं, "जोतिबाला बॅटरी बदलाय कॅमेरा उघडला की आत गुलाल जातोय. दोन असल्या की उघडाय नको." हे खोटं नाही. नव्या जोडप्यांबरोबर डोंगरावर जाताना तुम्हीच दम भरायचा, "गुलालात कॅमेरा उघडलास तर हात मोडीन!"

तुमचा हात हलताना मी पहिल्यांदा पाहिला तो उचगावच्या आपल्या स्टुडिओत. फिल्मचं टोक खाचेत जात नव्हतं. मी बघतोय हे कळल्यावर तुम्ही खेकसलात, "रोलच बाद हाय! बघत काय ऱ्हायलास?" मी तोच रोल बाहेर नेऊन भरला. त्याला काही झालं नव्हतं. पुढं घास तोंडापर्यंत जाईना, आई भरवायला लागली, आणि तुम्ही भिंतीकडं तोंड करून जेवायला लागलात. त्या भिंतीची मला अजून भीती वाटते.

गेल्या महिन्यात बावड्याच्या एका लग्नात नवरीचा उभा फोटो हलला. पुन्हा काढला, पुन्हा हलला. "बॅटरी उतरलीया, थांबा जरा," असं मी तिच्या मामाला सांगितलं आणि मांडवामागं जाऊन हात पुढं धरला. बोटं थरथरत होती. ग्रिप त्यानंतर घेतली. तिच्या वजनानं हात ठरतो, आणि उभा फोटो काढतानाही कोपर वर उचलावं लागत नाही. "कोपर पोटाला लाव की, कोंबडीगत पंख काय पसरतोस!" असं तुम्ही ओरडायचा, ते आता आपोआप होतं. परवा जोतिबावरचा एकही फोटो हलला नाही.

डॉक्टरकडं जा म्हणाल. जाववत नाही, आबा. ते तुमच्या आजाराचं नाव घेतील.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहितोय. आज गुलाल पुसायला ग्रिप काढत होतो, तर ती कॅमेऱ्याला आवळायची चक्री बोटांत धरवेना. बायकोपुढं ठेवून म्हणालो, "लईच घट्ट बसलीया, बघ जरा." तिनं एका बोटानं फिरवली.

"सैलच हाय की," ती म्हणाली आणि माझ्या हाताकडं बघत राहिली. मी भिंतीकडं तोंड फिरवलं.